लग्न वैशाखात, पाणी आश्विनात

आमच्या भागात लग्नं व्हायची उन्हाळ्यात आणि धबधबे वाहायचे पावसाळ्यात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याची याहून मोठी पंचाईत कोणती असणार?

आदिलाबादला कापसाच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा आंध्र प्रदेश होतं, रोलचे कॅमेरे होते आणि एका रोलमध्ये छत्तीस फोटो बसायचे. तोवर लग्नाचे फोटो म्हणजे मांडवातले फोटो. नवरा-नवरी, हार, जेवणाच्या पंगती, आणि प्रत्येक फोटोत पुढं येऊन उभा राहणारा एक तरी मामा. मग हैदराबादकडची हवा इकडं आली आणि लोक ‘आउटडोअर’ मागायला लागले. नवराबायको झाडाखाली, नवराबायको दगडावर, नवराबायको पाण्याजवळ. मी स्कूटरला ट्रायपॉड बांधून जिल्हाभर हिंडायला लागलो. गोदावरीचा घाट, सातनाल्याचं धरण, उटनूरकडचा सागाचा रस्ता, सगळीकडं जोडपी उभी केली.

त्याच सुमारास एक गृहस्थ मुलाच्या लग्नाचे फोटो ठरवायला आले. तहसील कचेरीत चपराशी म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. धोतर, पांढरा सदरा, पायात चपला तरी चालणं बूट घातल्यासारखं. मुलगा त्यांच्याच खात्यात कारकून लागलेला. सून मुधोळकडच्या एका खेड्यात सरकारी मराठी शाळेवर शिक्षिका. आमच्यासारखंच बौद्ध घर, म्हणून बोलणं लवकर जुळलं. पण पहिल्याच वाक्यात त्यांनी मला बजावलं.

“फोटूवाले, वंदनेचे काढा, हाराचे काढा, तुमची मर्जी. पण कुंटाल्याच्या धबधब्यावर नवरा-नवरीचा एक फोटू पायजे. तो नसला तर अल्बम मंजूर नाई.”

मी म्हणालो, “बाबा, लग्न वैशाखात आहे. धबधब्याला पाणी असेल का?”

“धबधब्याले पाणी नसंल तर कोणाले असंल?” ते म्हणाले.

लग्न चांगलं झालं. नवरी पांढरं पातळ नेसली होती, नवऱ्याचा पांढरा सदरा-पायजमा होता आणि ओठावर भरघोस मिशी होती. ती मिशी इतकी उठून दिसत होती की मांडवातल्या बायका त्याला पाहून कुजबुजत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाड्याच्या जीपमधून निघालो. पुढं बाबा, मागं नवरा-नवरी, नवऱ्याची आई आणि माझी बॅग. इच्चोडा मागं पडलं तेव्हाच जीपचा पत्रा हाताला चटके देत होता.

कुंटाल्याला शेकडो पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. नवी नवरी पातळाच्या निऱ्या हातात धरून भराभर उतरली, कारण खेड्यातल्या शाळेला जाताना ती रोज दोन ओढे ओलांडायची. नवरा प्रत्येक पायरीवर थांबून चपलेतले खडे काढत होता. बाबा सगळ्यांच्या पुढं होते. खाली पोचले आणि तसेच उभे राहिले.

समोर काळाकभिन्न उंच कातळ. त्यावर मधोमध एक ओली रेघ. नळाची तोटी नीट बंद केली नाही तर जेवढं पाणी येतं, तेवढंच खाली ठिबकत होतं. डोहाच्या काठावर माकडं बसली होती आणि तीसुद्धा त्या रेघेकडंच बघत असावीत असं मला वाटलं.

बाबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. “पाणी कुठं गेलं?”

शेळ्या चारणारा एक माणूस सावलीत बसला होता. त्याला त्यांनी तेलुगूत तोच प्रश्न विचारला. तो हसून एकच शब्द बोलला, “वानाकालम्.” म्हणजे पावसाळा. बाबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू त्यानं कचेरीची महत्त्वाची फाईल लपवून ठेवली आहे.

आलोच आहोत तर म्हणून मी दोघांना कातळावर बसवून चार फोटो काढले. नवरी छान हसली. नवरा उन्हानं डोळे बारीक करून बसला. पण बाबांच्या दृष्टीनं ते फोटो झालेच नव्हते. पायऱ्या चढताना दम लागला तरी ते बोलत होते. “अल्बम बंद करू नका. मागची दोन पानं कोरी ठेवा. पाणी आलं का आमी हाजिर.”

मी “बरं” म्हणालो. वाटलं, चार दिवसांत विसरतील.

ते विसरले नाहीत. मृगाची पहिली सर पडली त्या दिवशी संध्याकाळी ते छत्री घेऊन स्टुडिओच्या दारात उभे. “फोटूवाले, पाणी पडून राह्यलं.” मी समजावलं, की एका सरीनं धबधबा भरत नाही. चार दिवसांनी पुन्हा आले. बस स्टँडवर निर्मलकडून येणाऱ्या कंडक्टरांना विचारून ते नद्यानाल्यांची खबर ठेवत आणि मला रोजच्या रोज कळवत. आषाढात धबधबा भरला तेव्हा रस्ता खचला. श्रावणात रस्ता झाला तेव्हा सुनेला शाळेतून सुट्टी नाही. ती आठवडाभर शाळेच्या गावी राहायची आणि शनिवारी एस.टी.नं आदिलाबादला यायची. भादव्यात सुट्टी मिळाली तर मुलाच्या कचेरीत वरचे साहेब तपासणीला आले. दर वेळी बाबा येऊन मला सगळी हकिगत सांगायचे आणि जाताना विचारायचे, “दोन पानं कोरी हायेत ना?”

“आहेत, बाबा.”

“दाखवा.”

मी अल्बम उघडून दोन कोरी पानं दाखवायचो. त्यांची खात्री पटली की ते जायचे.

शेवटी दसऱ्याची सुट्टी लागली. शाळेला बरेच दिवस सुट्टी, कचेरीलाही सुट्टी, आणि परतीच्या पावसानं नाले अजून वाहते होते. दसऱ्याला आमच्याकडं पांढरे कपडे घालतातच, त्यामुळं लग्नाचे कपडे धुऊन इस्त्री करून तयार होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जीप घेऊन मी त्यांच्या दारात गेलो आणि पाहिलं, तर अंगणात भांडण चाललेलं.

भांडण नवऱ्याच्या आईचं आणि बाबांचं होतं. कारण सून दारात उभी होती आणि एका नजरेत कळत होतं, की तिला पाचवा महिना लागला आहे. लग्नाचा ब्लाउज शिंप्याकडून दोन्ही बाजूंनी उसवून सैल केला होता. वैशाखातली चपळ नवरी आता एक हात कमरेवर ठेवून उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

आई म्हणत होत्या, “मी सांगून ठिवते, माही सून तेवढ्या पायऱ्या उतरणार नाई.”

“मग कुंटाला कसा होईन?” बाबा.

“कुंटालाच काऊन पायजे? फोटूत काय धबधब्याचं नाव येते का? पोचेऱ्याले चला. तिथं गाडीतून उतरलं का पाणी.”

बाबांनी मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी आईंच्या बाजूनं मान हलवली, कारण पोचेऱ्याला खरोखरच फार उतरावं लागत नव्हतं. शिवाय तीस किलोची बॅग घेऊन त्या पायऱ्या मलाही नको होत्या. बाबांनी एकदा सुनेकडं पाहिलं आणि शेवटी निकाल दिल्यासारखं म्हणाले, “पोचेरा मंजूर.”

तेवढ्यात नवरा बाहेर आला. मी दचकलो. तो कोण हे मला क्षणभर कळलंच नाही. मिशी नव्हती.

“मिशी कुठं हाये?” बाबांनी विचारलं. मुलगा रोज त्याच घरात राहत होता, पण बाबांनी अल्बमच्या नजरेनं त्याच्याकडं बहुतेक त्याच दिवशी पाहिलं.

“काढली.”

“कोणाले विचारून?”

मुलानं बायकोकडं पाहिलं. सुनेनं मान वळवून अंगणातल्या शेवग्याकडं पाहायला सुरुवात केली. आईंनी लगेच विषय बदलला, पण जायच्या आधी घरात जाऊन त्यांनी रुमालात काहीतरी बांधून घेतलं, ते मी पाहिलं.

पोचेऱ्याला पोचलो तेव्हा ऊन-सावलीचा खेळ चालला होता. पाणी असं, की बोलणं ऐकू येईना. रुंद, जाड, पांढरंशुभ्र पाणी कातळाच्या कडेवरून एकदम खाली पडत होतं आणि त्याचे तुषार आमच्यापर्यंत येत होते. बाबा ते पाणी पाहून इतके खूश झाले की जणू ते त्यांनीच सोडवून आणलं होतं.

“काढा आता!” ते ओरडले.

पण काढणार कसं? पांढऱ्या पाण्यापुढं पांढरे कपडे. दोघं धबधब्यासमोर उभे राहिले तेव्हा कॅमेऱ्यातून मला दोन तोंडं आणि चार हात दिसत होते, दोघांचं बाकीचं अंग पाण्यात विरघळलं होतं. मग बाजूला एक ओला काळा कातळ होता, त्याच्यापुढं त्यांना उभं केलं. पाणी एका अंगाला आलं, कपडे उठून दिसले. तिथं जायच्या वाटेवर चिखल होता. सून कडेकडेनं जपून गेली. नवरा बायकोला हात द्यायला म्हणून पुढं झाला आणि स्वतःच बसला. उठला तेव्हा मागून पायजमा काळ्या मातीचा झाला होता.

“फक्त पाठ दाखवू नको,” मी म्हणालो. “सगळे फोटो समोरून काढू.”

आता आईंनी रुमाल सोडला. आत काजळाची डबी होती. त्यांनी मुलाला खाली वाकवलं, बोट काजळात बुडवून त्याच्या ओठावर मिशी काढली आणि चार पावलं मागं जाऊन पाहिलं. “डावीकडं जरा कमी झाली,” म्हणून पुन्हा बोट फिरवलं. तीस वर्षांचा कारकून लहान मुलासारखा तोंड पुढं करून उभा. लांबून मिशी खरी वाटत होती. जवळून तो नाटकातल्या दरोडेखोरासारखा दिसत होता.

मग पोटाचा प्रश्न आला. बाबा माझ्या कानाशी आले. “फोटूवाले, हा लग्नाचा अल्बम हाये. हाराच्या फोटूनंतर लगेच हा फोटू येईन. लोक पाहतीन आणि बोटं मोजतीन. तुमी असं काढा, का ते दिसलं नाई पायजे.”

मी प्रयत्न केले. तिला आधी छत्री दिली, तर तिनं ती पोटापुढं उघडली आणि ढाल घेतल्यासारखी दिसायला लागली. मग पदर पुढं सोडला, तो तुषारांनी भिजून चिकटला आणि पोट अधिकच दिसायला लागलं. मग बाबा म्हणाले, “पोराले पुढं उभा करा, तिले मागं.” तसं केलं, तर सून पूर्णच गेली. उरला तो एकटा, काजळाच्या मिशीचा. आई ओरडल्या, “अवं, सून कुठं गेली?”

मागून सुनेचा आवाज आला, “मी इथंच हाये, आई!” आणि ती हसायला लागली. तिला हसताना पाहून नवराही हसला आणि घाईत त्यानं तोंडावरचे तुषार तळहातानं पुसले. मिशी गालावर गेली. एक टोक हनुवटीपर्यंत आलं.

तेव्हा ती त्याच्या मागून बाहेर आली, पदर नीट खोचला आणि शाळेत वर्गापुढं उभी राहावी तशी ताठ उभी राहिली.

“भाऊ,” ती मला म्हणाली, “आता मी लपणार नाई. हाये तसा काढा.” मग सासऱ्यांकडं वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाली, “मामाजी, लोक बोटं मोजतीन तर मोजू द्या. वैशाख ते आश्विन बराबर पाच होतात. मी रोज पोराईले मोजायलेच शिकवते.”

मला वाटलं, बाबा रागावतील. त्यांनी बोटांवर महिने मोजले. लग्नाचा वैशाख सोडून जेठ, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. मग म्हणाले, “हिशोब बराबर हाये,” आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसले.

मी त्या दोघांचे दहा-बारा फोटो काढले. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं दोघं मोकळे झाले होते. नवरा तिच्या पदरानं तोंड पुसत होता, ती त्याच्या हनुवटीवरचं काजळ बोटानं दाखवत होती. मी काही सांगायचं सोडून दिलं, नुसतं बटण दाबत राहिलो.

रोल संपत आला तेव्हा मी म्हणालो, “बाबा, आई, आता तुम्ही पण या. घरातल्या सगळ्यांचा एक होऊ दे.”

आई आल्या. बाबा उठले नाहीत. “माहा काय काम? तुमी काढा.”

“या ना, बाबा.”

मग ते जे बोलले, ते पाण्याच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं, म्हणून मी जवळ गेलो. ते म्हणाले, “इथं मी लय वेळा आलो. कुंटाल्याले बी. नवे साहेब आले का घरच्यांले घेऊन धबधबा पाह्यला यायचे. मी त्यांचे डबे उचलायचो, सतरंजी टाकायचो. मग साहेब म्हणायचे, जमादार, जरा बाजूले व्हा, फोटू काढून राह्यलो. मी बाजूले व्हायचो.” मग म्हणाले, “म्हटलं, माह्या पोराचा एक पायजे इथं. माहा नसला तरी चालते.”

ते तक्रार करत नव्हते. कचेरीतला जुना रिवाज सांगावा तसं सांगत होते. सुनेनंही ते ऐकलं होतं. ती चिखलातून आली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “मामाजी, चला. मी चिखलात उभी हाये, लवकर चला.” आता पाचव्या महिन्यातल्या सुनेला चिखलात उभं कोण ठेवणार? ते निमूट उठले.

मधोमध त्यांना उभं केलं. ते दोन्ही हात मांडीला चिकटवून, साहेब आत येताना उभे राहत तसे उभे राहिले. मी म्हणालो, “बाबा, जरा सैल व्हा.” ते आणखी ताठ झाले. आई म्हणाल्या, “अवं, तुमाले कोणी हुकूम नाई करून राह्यलं, फोटू काढून राह्यले.” त्यांनी ओठ घट्ट मिटून हसू दाबलं, पण डोळ्यांत आलंच. तेवढ्यात मी बटण दाबलं. रोल तिथंच संपला.

रंगीत रोल तेव्हा नागपूरच्या लॅबला पाठवावा लागायचा. तो परत येईपर्यंत बाबा रोज स्टुडिओत येऊन बसायचे. फोटो आले तेव्हा छत्तीसपैकी निम्म्या फोटोंत पांढरे कपडे जास्त उजेडानं जळून गेले होते आणि तिघांत लेन्सवर थेंब पडले होते. चांगले नऊच निघाले. ते मी काचेवर मांडले. बाबांनी चष्मा पुसून एकेक पाहिला. छत्रीचा बाजूला सारला. नवरा एकटा उभा असलेला बाजूला सारला. मिशी हनुवटीवर आलेला, दोघं हसतायत आणि सुनेचा हात पोटावर आहे, तो उचलला.

“हा पहिल्या पानावर,” ते म्हणाले.

“लोक बोटं मोजतील, बाबा.”

“मोजू द्या. बराबर हाये.”

दुसऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांचा लावला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून एकदा मला विचारलं, “हे बरं आलं ना?” मी म्हणालो, सगळ्यांत बरं तेच आलंय. मग अल्बम पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून ते घरी गेले.

फाल्गुनात त्यांना नात झाली. आणि तो अल्बम मग गावोगाव फिरला. सोयरिकीला गेले की बाबा अल्बम संगं न्यायचे. मुधोळच्या बाजूला, भैंशाला, पार मंचेरियलपर्यंत त्यांच्या सोयऱ्यांनी तो पाहिला. पुढच्या वैशाखात मी जिथं लग्नाला जाईन तिथं लोक विचारायचे, धबधब्याचा फोटो तुम्हीच काढला का? मी हो म्हणायचो आणि सांगायचो, की आत्ता पाणी नाही, दसऱ्याला या. लोक खरंच यायला लागले. त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी एकही दिवस घरी राहिलो नाही.

त्यातल्या एका नवरीची आई दिवस ठरवायला माझ्याकडं आली होती. खेड्यातली शेतकरी बाई, डोईवर पदर. सगळं बोलणं झालं, तरी ती उठेना. शेवटी इकडंतिकडं पाहून तिनं हळूच विचारलं, “भाऊ, या फोटूसाठी पोरीले पाचवा लागलाच पायजे का? आमच्या पोरीचं अजून काई नाई.”